काचेला कळलेलं बोट

आषाढातली दुपार. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यातलं एक गाव. घरातली धडधाकट माणसं रोवणीला बांधीत गेलेली, ओसरीवर उरलेली अडीच वर्षांची पोर, तिची आजी आणि पाहुणी म्हणून मी. पोरीच्या मांडीवर मोबाईल. पडद्यावर रंगीत फुगे तरंगतायत. पोर बोट टेकवते, फट्! फुगा फुटतो आणि ती खिदळते. मग ती फोन आजीपुढे धरते. आजी बोट टेकवते. काही नाही. पुन्हा टेकवते, जरा दाबून. तरी काही नाही.

"हा मोबाईल मले ओरखत नाही बाई," आजी हसत म्हणते. मग पोथीचं पान उलटताना लावतात तसं बोट जिभेला लावते आणि टेकवते. फट्!

पोर टाळ्या पिटते, आजी पदरानं बोट पुसते, विषय संपतो. माझा मात्र संपत नाही. अडीच वर्षांचं बोट ओळखणारी काच सत्तरीचं बोट का ओळखत नाही? आणि थुंकीच्या थेंबात अशी काय जादू आहे?

आपल्याला वाटतं, फोनला दाब कळतो. कळत नाही. लहान मुलांची बहुतेक ॲप ज्या स्पर्शावर चालतात, त्यात जोराचा काहीच संबंध नाही. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड नावाच्या पदार्थाच्या पारदर्शक रेघांची जाळी असते, काही उभ्या, काही आडव्या. उंचावरून धानाच्या बांध्या आणि त्यांच्या धुऱ्या दिसतात ना, तशी. या जाळीत विजेचा अगदी सूक्ष्म भार खेळत असतो. आपलं शरीर म्हणजे खारट पाण्याची पखाल, आणि खारट पाण्यातून वीज वाहते. बोट जवळ आलं की तिथला थोडासा भार बोटाकडे ओढला जातो. थोडासा म्हणजे किती? विद्युतधारकता मोजायच्या एककाला फॅरड म्हणतात. त्याच्या लाख कोटीव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी फरक पडतो. तेवढं फोनला पुरतं! जाळीतला एकेक छेद तो सेकंदाला साठ-साठ, शंभर-शंभर वेळा तपासतो. आजूबाजूच्या छेदांत कुठे किती घट झाली याचा हिशोब करतो आणि बोटाचा नेमका मध्य शोधून काढतो. हे सगळं फुगा फुटायच्या आत.

आता आजीचं कोडं सुटतं. आयुष्यभर चिखलात रोप रोवून बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. ती जाड, कोरडी कातडी आतल्या ओलसर बोटाला काचेपासून दूर ठेवते. जिभेचा थेंब त्या दोघांमध्ये पूल बांधतो. पोरीचं बोट मुळातच मऊ आणि ओलसर, तिला पूल लागतच नाही. म्हणजे फोनला वय कळत नाही, कष्टही कळत नाहीत. त्याला फक्त पाणी कळतं.

आणखी एक गंमत. स्पर्शाच्या अशा पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन या इंग्रज अभियंत्यानं 1965 साली मांडली. कशासाठी? विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकांसाठी. ज्या युक्तीनं आकाशातली विमानं हाताळायची, तिच्यावर आज लाखनीतली पोर फुगे फोडते.

पण पोर इतकी का रंगते? पाळण्यातलं बाळ खुळखुळा हलवतं, आवाज येतो, बाळ थबकतं, पुन्हा हलवतं. जरा मोठं झालं की वाटी खाली टाकतं, आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकतं. आपण वैतागतो. ते मात्र जगातला एक मोठा शोध तपासून बघत असतं: मी केलं म्हणून झालं! मोबाईलची काच हा शोध पापणी लवायच्या आत खरा करून दाखवते. खडू धरायला मूठ तयार व्हावी लागते, पण बोट दाखवायला मूल वर्षाचं व्हायच्या आसपासच शिकतं. म्हणून टिचकी त्याला आधी जमते, सरकवणं नंतर. एखादं चित्र बोटाखाली धरून ओढत नेणं तर फारच अवघड, कारण बोट टेकलेलं ठेवायचं आणि हलवायचंही, अशी दोन कामं एकदम करावी लागतात. चांगलं बाल-ॲप यावरूनच ओळखावं. त्यातली चित्रं मोठी असतात. अख्खा तळवा टेकला तरी ते गोंधळत नाही. त्याला घाई नसते, मध्येच जाहिरात उसळत नाही आणि खेळाला कुठेतरी शेवट असतो. 2018 साली आलेलं 'खान अकॅडमी किड्स' असं आहे, फुकट आणि बिनजाहिरातीचं. पण ते बोलतं इंग्रजी. आपल्या पोरीचं काय?

इथे फोनचं बोट संपतं आणि कान सुरू होतो.

2019 च्या मार्चमध्ये गूगलनं भारतात 'बोलो' नावाचं ॲप आणलं. आधी उत्तर प्रदेशातल्या सुमारे 200 गावांत ते वापरून पाहिलं होतं. हिंदी-इंग्रजीनंतर त्यात मराठीही आली आणि 2020 मध्ये 'रीड अलाँग' या नावानं ते जगभर गेलं. ते आहे पाच वर्षांपुढच्या, नुकतं वाचू लागलेल्या मुलांसाठी. पण दादा मोठ्यानं वाचू लागला की धाकटी मांडीत येऊन बसतेच. मूल वाचतं, 'दिया' नावाची चित्रातली ताई ऐकते. अडलं तर शब्द सांगते, जमलं तर शाबासकी देते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट गेलं तरी हे चालतं. ऐकणं आणि ताडून पाहणं फोनच्या आतच होतं.

ऐकणं म्हणजे काय हो? मुलाचा 'ससा' हा शब्द हवेतून लाटा होऊन येतो. अशा ॲपमध्ये सर्रास त्या लाटेची उंची सेकंदाला 16 हजार वेळा मोजतात. मग तिचे इवले तुकडे पाडतात, एका सेकंदात शंभर. प्रत्येक तुकड्यात जाडे सूर किती, बारीक किती, याची नोंद होते. 'स' मध्ये बारीक सळसळ फार, 'आ' मध्ये जाड, मोकळे सूर. अशा तुकड्यांच्या माळेवरून यंत्र अंदाज बांधतं की 'ससा' म्हटलं असावं. दियाची एक सोय मात्र आहे. पुढचा शब्द कोणता येणार हे तिला पानावरून आधीच ठाऊक असतं. तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंपुढे पुस्तक उघडं असतं, तसंच.

तरी काम सोपं नाही. मुलाचा गळा छोटा. आखूड बासरी चढ्या सुरात वाजते, तसा बाळाचा आवाज पुरुषाच्या आवाजाच्या दुपटीहूनही चढा असतो. मोठ्यांच्या आवाजावर घडवलेलं यंत्र मुलांपुढे गांगरतं ते यामुळे. शिवाय मूल मध्येच थांबतं, शिंकतं, कोंबडीमागे बघतं, 'ससा' ऐवजी 'तता' म्हणतं.

आणि भंडाऱ्यात तर आणखी एक पेच. आजी मघाशी 'ओळखत' ला 'ओरखत' म्हणाली, आठवतं? ही झाडीबोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची. तिच्यात 'ळ' चा 'र' होतो, 'ण' चा 'न'. डोळा तो डोरा, पाणी ते पानी. आता घरी 'पानी' ऐकत वाढलेल्या मुलानं पुस्तकातलं 'पाणी' हे 'पानी' असं वाचलं, तर ते चुकलं का? त्याला शब्द कळला, अर्थ कळला, तहानही कळली. आजी एका क्षणात समजून घेते. यंत्राला समजेल की नाही, हे त्याला कोणाकोणाचे आवाज ऐकवून वाढवलं यावर ठरतं. यंत्रही शेवटी एक मूलच. जे कानावर पडेल तेच शिकेल.

बोलीतलं पुस्तक मिळवायचा मार्गही फोनमध्येच आहे. 'प्रथम बुक्स' नं 8 सप्टेंबर 2015 रोजी, जागतिक साक्षरतादिनी, 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. इथल्या चित्रगोष्टी फुकट वाचता येतातच, शिवाय कोणालाही त्यांचा अनुवाद करायची मुभा आहे. चित्रं तीच ठेवायची आणि खालची ओळ आपल्या भाषेत लिहायची. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, गोंडीतही आहेत. म्हणजे साकोलीची एखादी मावशी एका दुपारी बसून कासवाला झाडीबोलीत बोलायला लावू शकते. त्यासाठी छापखाना लागत नाही आणि प्रकाशकाचे उंबरठेही झिजवावे लागत नाहीत. पुस्तकांच्या इतिहासात ही सोय कधी कोणाला होती?

इतकं सगळं आहे, तर पोरीपुढे फोन ठेवून आपण मोकळे, असं म्हणावं का?

थांबा, आता खरं नवल येतंय. अमेरिकेत सिएटलला पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा बैठकांत प्रत्यक्ष खेळली. काहींना तीच माणसं, तोच मजकूर, पण व्हिडिओवर दाखवला. पहिल्या गटातल्या बाळांना चिनी ध्वनींमधले फरक ओळखता येऊ लागले. व्हिडिओवाल्यांना? काहीही नाही. जणू ते चिनी कधी ऐकलंच नव्हतं!

मग पडदाच वाईट म्हणायचा का? तेही नाही. 2014 मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी गटानं दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचं चित्रण दाखवून. समोर बसलेली मुलं शिकली. कॉलवरची मुलंही शिकली. चित्रण बघणारी शिकली नाहीत. पडदा तोच, माणूसही तोच. मग फरक कुठे? कॉलवरचं माणूस मुलासाठी थांबत होतं. मूल हसलं की ते हसत होतं, मुलानं बोट दाखवलं की तिकडे बघत होतं. चित्रणातलं माणूस आपल्याच तालात बोलत सुटलेलं.

म्हणून नागपुरात कामाला गेलेला बाबा रात्री व्हिडिओ कॉल करतो आणि पोर पडद्याला घास भरवते, बाबा 'आ' करून तो खातो, तेव्हा मुलांचं जगातलं उत्तम ॲप चालू असतं. आपल्याच तालात सुटलेल्या कार्टूनला ही सर नाही, कारण ते वाट बघत नाही.

वेळेचा हिशोबही सांगून टाकते. 2019 च्या सल्ल्यात जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दोन वर्षांच्या आत बसल्याबसल्या पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, कमी तर उत्तम. का? लंडनच्या बर्कबेक कॉलेजच्या संशोधकांनी 2017 मध्ये तीन वर्षांखालच्या 715 मुलांच्या पालकांना विचारून पाहिलं. पडद्याला बोट लावण्यात जाणाऱ्या दर तासामागे झोप सुमारे पंधरा मिनिटांनी कमी दिसली. एकामुळे दुसरं झालं असं यावरून ठरत नाही, पण झोपेतच मेंदूची बांधणी चालते, तेव्हा सौदा जपूनच करावा.

आता ओसरीवरून उठून अंगणवाडीत चला. तिथेही फोन आहे, पण तो मुलांसाठी नाही, मुलांबद्दल आहे. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, कुठल्याही तालुक्यात जा, अंगणवाडीताई मुलाला काट्यावर बसवतात, उंची घेतात आणि आकडे 'पोषण ट्रॅकर' मध्ये भरतात. केंद्र सरकारचं हे ॲप 2021 पासून आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला निजवून मोजायचं, पुढच्याला उभं करून, कारण उभं राहिलं की तेच मूल सुमारे पाऊण सेंटीमीटरनं आखूड भरतं! आकडे भरले की पोर नीट वाढतेय की मागे पडतेय, हे फोन सांगतो.

त्याला कसं कळतं? त्याच्या पोटात एक आलेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. भारतातली मुलं दिल्लीची. आईचं दूध, पुरेसं अन्न आणि लसी मिळालेली. आणि निघालं काय? मुलांच्या उंचीत जो फरक पडतो, त्यातला देशामुळे पडणारा फरक जेमतेम 3 टक्के, तर मुलामुलांमधला फरक 70 टक्के. म्हणजे पोटभर मिळालं, आजारपण आवरलं, तर पहिल्या पाच वर्षांत ओस्लोचं पोर आणि दिल्लीचं पोर सारखंच वाढतं. "आमच्याकडची मुलं बारकीच असतात" हे वाक्य तिथेच निकालात निघालं. लाखनीतल्या काट्यावर बसलेल्या पोरीच्या पाठीशी सहा देशांतली हजारो मुलं उभी असतात. तिला ते ठाऊक नसतं, ताईंना एक हिरवी किंवा लाल खूण दिसते.

पण ही खूणही उत्तर मागते. लाल दिसल्यावर ताई पोरीच्या घरी गेल्या, आईशी बोलल्या, ताटात काय येतं ते पाहिलं, तरच खुणेचा उपयोग.

मी हे सगळं मनात जुळवत बसले होते, तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. पडदा काळा झाला. पोरीनं दोनदा टिचक्या मारल्या, ओठ काढला. आजीनं तिचा हात ओढून मांडीवर घेतला, तळवा उघडला आणि मधोमध आपलं बोट टेकवलं. तेच, घट्टे पडलेलं, काचेला न कळलेलं. मग ते बोट मनगटावरून, कोपरावरून हळूहळू चढू लागलं. मध्येच थांबलं. पोरीनं श्वास रोखला, आजीकडे पाहिलं. आजीही तिच्याकडे पाहत थांबली. बोट आणखी जरा वर सरकलं, काखेपाशी पोचायच्या आतच पोर खिदळत लोळली.

उठून बसली आणि तळवा पुन्हा आजीपुढे उघडला.