भिंतीवर न ठरणाऱ्या सावल्या

२०१६ साली बॉस्टनच्या आयसीए म्युझियममध्ये नलिनी मलानींचं ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ लागलं होतं. अंधाऱ्या खोलीत छताला टांगलेले पाच पारदर्शक सिलिंडर, आतून चित्रं रंगवलेली. ते हळूहळू फिरतात, प्रोजेक्टरचा प्रकाश त्यांच्यातून जातो आणि भिंतीवर व्हिडिओ नि सावल्या एकमेकांत मिसळतात. कोकणात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होतो ना, तत्त्व तेच. कामामागे ग्रीक पुराणातली कॅसँड्रा आहे: तिला पुढचं सगळं दिसतं, पण विश्वास कुणीच ठेवत नाही. यापेक्षा मोठा एकटेपणा कुठला?

मलानींचा जन्म १९४६चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब निघालं तेव्हा त्या तान्ह्या होत्या. म्हणजे ही आठवण डोळ्यांनी पाहिलेली नाही, घरात मुरलेली आहे. तशीच ती भिंतीवरही दिसते. एक चेहरा ओळखू येईतो दुसरी सावली त्यावरून सरकलेली असते.