प्रद्रव्यपटल आणि जलसंजीवनी

पेशीचे प्रद्रव्यपटल हे निवडक्षम पारपटल होय. ऑक्सिजन त्यातून विसरणाने सहज जातो. सोडियम आयन व ग्लुकोज यांना मात्र पटलातील प्रथिनांचे साहाय्य लागते. या भेदाचे महत्त्व पटकीच्या रोगात प्रत्ययास येते. पटकीच्या जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या पेशींतून क्लोराइड आयन बाहेर पडतात. त्यामागोमाग सोडियम व परासरणाने पाणीही जाते. अशा वेळी केवळ मिठाचे पाणी उपयोगी पडत नाही. तथापि सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारे वाहक प्रथिन कार्यक्षम राहते आणि त्यांच्यापाठोपाठ पाणी शोषले जाते. या सहवहनाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडल्याने डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज व क्षारांचे द्रावण तोंडावाटे दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल असतात. साखर अधिक झाल्यास परासरणाने पाणी उलट आतड्याच्या पोकळीत ओढले जाते. म्हणजेच येथील ग्लुकोज प्रामुख्याने ऊर्जेसाठी नसून सोडियमच्या वहनासाठी असते.