सशामागें कुत्रें सोडण्यापूर्वीं

रब्बीचीं पिकें निघून शेतें मोकळीं झालीं, कीं गांवोगांवचे कांहीं हौशी लोक कुत्रीं घेऊन माळावर जातात व सशांचा पाठलाग करतात, हें आमच्या वाचकांस नवें नाहीं. कित्येकांस ही करमणूक वाटते. कित्येक ती पिकांच्या रक्षणासाठीं करतों असें सांगतात. सबब शेतकऱ्याच्या नफानुकसानीच्या दृष्टीनें या विषयाचा थोडा विचार करूं.

प्रथम ससा कोणता, हें पाहिलें पाहिजे. मराठींत शब्द एक असला तरी प्राणी दोन आहेत. खुराड्यांत पाळतात तो विलायती ससा मूळचा बिळांत राहणारा. त्याचीं पिलें जन्मतः आंधळीं व केसांवांचून असतात. आपल्या रानांतील ससा बीळ करीत नाहीं. तो दिवसा गवताच्या आडोशास अंगापुरत्या खळग्यांत दबून बसतो व रात्रीं चरावयास निघतो; त्याचीं पिलें अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. बिळाचा आसरा नसल्यामुळें त्याचें सारें रक्षण पायांवर असतें. कुत्रा अंगाशीं आला कीं तो एकाएकीं वळून झुकांडी देतो.

अशा सशास गांठण्यासाठींच सडपातळ, लांब पायांचा व वासापेक्षां नजरेनें शिकार धरणारा कुत्रा दक्षिणेंत उपयोगी पडला. आपल्याकडे त्यास कारवानी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीस आश्रय दिला, त्यामुळें मुधोळ हाउंड हें नांवही प्रसिद्ध आहे. २००५ सालीं त्याचें टपाल तिकीट निघालें व २०१६ सालीं भारतीय सैन्यानें त्याचीं पिलें शिक्षणासाठीं नेलीं. असा जातिवंत कुत्रा दाराशीं असणें भूषणच आहे. त्याविषयीं आमचा वाद नाहीं.

वाद आहे तो त्यास सशामागें सोडण्याविषयीं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें रानसशास संरक्षण आहे. त्या कायद्यांत शिकार म्हणजे केवळ ठार मारणें नव्हे. पकडणें, पाठलागावर कुत्रीं घालणें, फास अथवा सांपळा लावणें, हाकून आणणें, आणि यांचा नुसता प्रयत्न करणें, हीं सर्व शिकारींतच मोडतात. 'ससा निसटला, मग गुन्हा कसला?' हा बचाव म्हणूनच टिकत नाहीं. तसेंच, सात-बाऱ्यावर आपलें नांव आहे म्हणून त्या जमिनीवरील ससा आपला होत नाहीं. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. पण जमिनीच्या हक्काबरोबर रानांतील जनावराचाही हक्क मिळाल्याची नोंद आमच्या पाहण्यांत आली नाहीं. ज्या इंग्लंडांत हा मोठा खानदानी खेळ होता, तेथेंही २००४ च्या कायद्यानें तो बंद झाला, व १८३६ पासूनची वॉटर्लू कप ही शर्यत २००५ सालीं संपली. बिळांतील सशावर मात्र जमीनमालकाच्या संमतीनें कुत्रीं सोडण्याची सवलत त्या कायद्यानें ठेविली. दोन सशांतील भेद तेथें कायद्यानेंही ओळखला.

आतां पिकाच्या रक्षणाचें पाहूं. ससा चरतो रात्रीं, आणि पाठलाग होतो दिवसा, तोही बहुधा पिकें निघाल्यावर. कोवळे कोंब तो त्यापूर्वींच खाऊन चुकलेला असतो. उभ्या पिकांत कुत्रीं घातलीं तर आणखीच हानि. पीकपाहणीस फिरतांना आम्हीं अशा धांवपळीनें आडवा झालेला हरभरा पाहिला आहे. सशानें खाल्ला त्याहून माणसांनीं व कुत्र्यांनीं तुडविला तो अधिक होता. शिवाय काळ्या रानाच्या भेगांत पाय अडकून चांगला कुत्रा जायबंदी होतो, तो तोटा निराळाच.

याहून सोपे उपाय आहेत. रोपवाटिकेस व भाजीच्या वाफ्यांस सुमारें सव्वा इंच छिद्रांची, तीन फूट उंच तारेची जाळी लावावी व तिची खालची कड अर्धा फूट मातींत पुरावी. फळझाडांच्या रोपांस दोन फुटांपर्यंत बाभळीच्या काट्यांचें कुंपण करावें, म्हणजे साल कुरतडली जात नाहीं. बांधांवरील दाट गवत पेरणीपूर्वीं कापून वैरणीस घ्यावें. लपण्यास जागा राहिली नाहीं, कीं ससा दूर बसतो.

कुत्रा अवश्य पाळावा, त्यास वेळेवर पिसाळीची लस टोंचावी, आणि रात्रीं मळ्यांत साखळीनें बांधून राखणीस ठेवावा. त्याच्या नुसत्या भुंकण्यानें जें काम होतें, त्यासाठीं धन्यानें कोर्टाची पायरी चढावी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबी शेतकऱ्यास परवडणारा नाहीं.