बंदर दाखवणारं घर

रॉटरडॅम शहरातून पश्चिमेला निघालं की बंदर संपता संपत नाही. गोद्या, तेलाच्या टाक्या, रिफायनऱ्या, कोळशाचे ढीग, कंटेनरच्या थप्प्या असं चाळीसएक किलोमीटर चालतं. शेवटी उत्तर समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीच्या टोकाला एक चमत्कारिक इमारत लागते. पाच चौकोनी मजले एकावर एक रचलेले, प्रत्येक खालच्यापेक्षा थोडा वळलेला, आणि बाहेरच्या अंगाने चढत जाणारा लालभडक जिना. हिचं नाव पोर्टलांटिस. मार्च 2025 मध्ये ती लोकांसाठी उघडली. इथे माल चढत नाही, उतरत नाही. बंदर म्हणजे काय ते लोकांना दाखवायचं, एवढंच तिचं काम.

मजले वळवलेत ते निव्वळ नखरा म्हणून नव्हे. (थोडा नखरा आहेच. आराखडा एमव्हीआरडीव्ही या रॉटरडॅमच्याच वास्तुसंस्थेचा, आणि साधी सरळ इमारत हा काही त्यांचा स्वभाव नाही.) प्रत्येक मजल्याच्या भल्यामोठ्या खिडकीचं तोंड वेगळीकडे आहे. कुठून कंटेनर टर्मिनल दिसतं, कुठून समुद्र, कुठून वाळूच्या टेकड्या. आत वाचलेलं बाहेर पाहून लगेच पडताळता येतं.

बंदराला अशा घराची गरज पडली, कारण ते शहराच्या नजरेआड गेलं. कंटेनर आले तशी जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागलं आणि धक्के समुद्राकडे सरकत गेले. घरटी एखादा गोदी कामगार असायचा, तोही कमी झाला. 2004 मध्ये जगभरच्या बंदरांना सुरक्षेचे नवे नियम लागू झाले आणि कुंपणं आणखी उंच झाली. रॉटरडॅमकरांना याची जाणीव लवकर झाली असावी. 1978 पासून तिथे दर सप्टेंबरात ‘जागतिक बंदर दिन’ भरतात आणि बोटींवर, धक्क्यांवर लोकांची जत्रा लोटते.

मुंबईकरांना हे नजरेआड जाणं सांगायला नको. पी. डिमेलो रोडने आयुष्यभर ये-जा करणाऱ्यालाही भिंतीपलीकडे काय चालतं ते ठाऊक नसतं. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकाच जहाजात होती, हे शहराला कळलं ते आग अंगावर आल्यावर. त्यातही युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे बातमी धड छापता आली नाही.

पोर्टलांटिसच्या आधी तिथे ‘फ्यूचरलँड’ नावाचं तात्पुरतं माहिती केंद्र होतं. 2009 मध्ये ते सुरू झालं तेव्हा जवळच ड्रेजर समुद्रात वाळू ओतत होते. मास्फ्लाक्ते 2 हा सुमारे 2,000 हेक्टरचा भराव तयार होत होता. ही वाळू उत्तर समुद्राच्या तळातून उपसलेली. हिमयुगात तो तळ कोरडा माळ होता, त्यावर मॅमथ हिंडत. साहजिकच नव्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्यांना हाडं, दात सापडू लागले. मॅमथची दाढ हातात घेतली तर विटेएवढी जड लागते आणि वरच्या बाजूला तिच्यावर आडव्या कंगोऱ्यांच्या ओळी असतात. तरसाच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही मिळतात. लोक हे पिशवीत घालून केंद्रात आणत आणि ठरल्या वेळी जाणकार ते ओळखून देत. पोरंटोरं बंदराच्या वाळूत बसून उकरत आहेत, असं दृश्य एखाद्या जाहिरात कंपनीला सुचलं नसतं. माझ्या मते बंदराबद्दल आपलेपणा निर्माण करायला त्या दाढांनी सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त केलं.

पण ही गोडी उशिरा आली. जानेवारी 2005 मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने, राज्य परिषदेने, या भरावाच्या निर्णयाचे महत्त्वाचे भाग रद्द केले होते. आक्षेप घेणाऱ्यांत शेतकरी होते, मच्छीमार होते. न्यायपीठाने बोट ठेवलं ते एका बारीक गोष्टीवर: भरावामुळे किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहत जाणारा गाळ आणि माशांची पिल्लं वाडन समुद्रापर्यंत पोहोचतील का, याचा पुरेसा अभ्यासच झालेला नव्हता. अभ्यास नव्याने झाला, निर्णय दुरुस्त झाला आणि काम 2008 मध्ये सुरू झालं. भरपाई म्हणून समुद्रतळाचं सुमारे 25,000 हेक्टर क्षेत्र राखीव ठेवलं गेलं. तिथे तळ खरवडणारी जड जाळी चालत नाहीत. म्हणजे निसर्गाच्या भरपाईचा भार काही अंशी मच्छीमारांवरच पडला. सगळे खूश झाले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

बंदर दाखवणं ही एक बाजू. लोकांचं ऐकून घेण्याची दुसरी बाजू डीसीएमआर या पर्यावरण यंत्रणेची. बंदर परिसरात कुठे वास आला, आवाज झाला, धूर दिसला की रहिवासी तिच्या कक्षाला फोन करतात. तो रात्रंदिवस चालू असतो. वाऱ्याची दिशा पाहून वास कुठल्या कारखान्याचा ते शोधलं जातं, गरज पडली तर निरीक्षक जागेवर जातो. पोर्टलांटिस बंदराने आपल्या पैशाने बांधलेलं घर आहे, आपली बाजू ते मांडणारच. तक्रार ऐकणारा कान मात्र बंदराच्या पगारावर नाही, आणि म्हणूनच लोक प्रदर्शनही निवांतपणे पाहू शकतात.

याच बंदराने पूर्वी ब्लांकेनबुर्ख नावाचं अख्खं गाव गिळलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या विस्तारात ते जमीनदोस्त झालं. आता ते नाव डिसेंबर 2024 मध्ये खुल्या झालेल्या एका महामार्गाच्या जोडरस्त्याला आहे.

आपल्याकडे हा विषय आता तातडीचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च 76,220 कोटी रुपये, समुद्रात 1,448 हेक्टर भराव. प्रकल्पात 74 टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आहे. याच जवाहरलाल नेहरू बंदरासाठी 1980 च्या दशकात शेवा कोळीवाडा उठवला गेला. उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलेल्या घरांना वाळवी लागली आणि पुढची जवळजवळ चार दशकं पुनर्वसनाचं भांडण चाललं. होड्या घालून जहाजांची वाट अडवण्यापर्यंत ते गेलं. वाढवणचे मच्छीमार विरोध करतात तेव्हा ‘त्यांना प्रकल्प समजलेला नाही’ असं म्हटलं जातं. शेव्याचं काय झालं ते त्यांना चांगलंच समजलेलं आहे.

वाढवणला पोर्टलांटिससारखं घर जरूर बांधावं. त्याआधी बंदराचा हात नसलेला, रात्रीही उचलला जाणारा एक तक्रारीचा फोन सुरू करावा. आणि त्या घरात एक दालन शेवा कोळीवाड्याचं असावं. तिथला मजकूर मात्र कोळीवाड्यानेच लिहावा.