मृग लागतो जूनमध्ये, दिसतो डिसेंबरात!

माहीत आहे का? ७-८ जूनला अख्खा महाराष्ट्र ‘मृग लागला’ म्हणतो, बी-बियाण्यांची लगबग सुरू होते, पण त्या रात्री आकाशात मृग दिसतच नाही!

कारण सोपं आहे. नक्षत्र ‘लागणं’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येणं. मग मृग सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो. दिवसभर आकाशात हजर, पण उन्हाच्या झगझगाटात गुल!

जूनमध्ये खरा भेटतो तो मृगाचा किडा. पहिल्या सरीनंतर ओल्या मातीतून वर येणारा लालचुटुक मखमलीचा ठिपका! तळहातावर घेतला की पाय आखडून गप्प पडतो. जरा दम धरा, मग गुदगुल्या करत चालू लागतो. पाय मोजा बरं... आठ! नाव किड्याचं, खानदान मात्र कोळ्याचं.

आता थेट थंडीत उडी. रात्री वर बघा. चार ठळक तारे म्हणजे हरणाचे चार पाय. वर तीन मंद ताऱ्यांचं इवलंसं डोकं, तेच मृगशीर्ष. आणि पोटात एका रांगेत तीन तारे? तो बाण!

बाण कुणी मारला? ही तर आकाशातली सुपरहिट थ्रिलर आहे. ऐतरेय ब्राह्मणात गोष्ट येते: प्रजापती हरणाचं रूप घेऊन स्वतःच्याच मुलीच्या मागे लागला. ती रोहिणी. देव संतापले, त्यांनी रुद्राला पुढे केलं आणि त्याने बाण सोडला. आता कमाल बघा. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की रोहिणी जवळ येते, दुसऱ्या बाजूला वाढवली की व्याध, म्हणजे बाण सोडणारा रुद्र. पळणारी, पाठलाग करणारा आणि शिकारी, सगळे एका लायनीत! आणि हा व्याध म्हणजे रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. इतकी चपखल मांडणी मला दुसऱ्या कुठल्याही तारकासमूहात सापडत नाही.

ग्रीकांनी मात्र रोल बदलला. त्यांच्याकडे शिकार नाही, हाच शिकारी: ओरायन. ‘पृथ्वीवरचा एकेक प्राणी मारीन’ अशी फुशारकी मारली आणि विंचवाने त्यालाच डंख मारला. म्हणून आजही वृश्चिक पूर्वेला उगवू लागला की ओरायन पश्चिमेला काढता पाय घेतो.

जपान्यांना दिसला डमरूसारखा ढोल. ऑस्ट्रेलियात हीच आकृती उलटी दिसते, तिथे तिच्या मधल्या भागाला लोक म्हणतात सॉसपॅन. लॅटिन अमेरिकेत मधले तीन तारे म्हणजे तीन मारिया. आणि १८०७ साली जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाने ओरायनच्या कमरपट्ट्यातल्या ताऱ्यांना चक्क ‘नेपोलियन’ नाव देऊन टाकलं! टिकलं नाही, हे बरंच झालं.

माहीत आहे का, एका टिंबाने ताऱ्याचं नाव बदललं? मृगातला तांबूस तारा काक्षी. अरबीत तो होता ‘यद अल-जौझा’, म्हणजे जौझाचा (अरबांच्या ओरायनचा) हात. अरबी ‘य’ला दोन टिंबं, ‘ब’ला एक. नक्कल करताना एक टिंब गळालं, ‘य’चा ‘ब’ झाला आणि पुढे जगभर झाला ‘बीटलज्यूस’!

साइजही जंबो. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा गिळेल. २०१९च्या शेवटी तो अचानक मंदावला, तेव्हा ‘फुटणार, फुटणार’ म्हणून सगळे माना वर करून बसले. निघाली धूळ! ताऱ्यानेच फेकलेल्या धुळीने त्याचा चेहरा झाकला होता.

बाणाच्या खाली एक पुसट ठिपका दिसतो. तो तारा नाही, ताऱ्यांचा मॅटर्निटी वॉर्ड आहे: वायू आणि धुळीचा मेघ, त्यात नवे तारे जन्मतात. अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षं. आज डोळ्यात शिरणारा उजेड तिथून निघाला तेव्हा बदामीत चालुक्यांचं राज्य होतं!

आणि आपले लोकमान्य टिळक? १८९३ साली त्यांनी ‘ओरायन’ नावाचं पुस्तकच लिहिलं. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे असताना सूर्य असतो ती जागा, मृगात होता त्या काळावरून त्यांनी वेदांचं वय काढलं आणि ते ख्रिस्तपूर्व ४००० च्या आसपास नेलं. मार्गशीर्षाचं जुनं नाव अग्रहायण, म्हणजे वर्षाचा आरंभ, हा त्यांचा एक लाडका पुरावा. त्यांच्या तारखा सगळ्यांना पटल्या नाहीत, पण पंचांगातलं गणित आणि ऋचा एकत्र वाचण्याची ती हिंमत आजही थक्क करते.

मार्गशीर्षाचं नावही याच हरणावरून पडलं, कारण त्या महिन्यातला पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो. तेव्हा यंदा मार्गशीर्षातल्या एखाद्या गुरुवारी पूजा, नैवेद्य, जेवण उरकलं की आठ-नऊच्या सुमाराला गच्चीवर जा आणि पूर्वेला बघा. तीन तारे जवळजवळ एकावर एक उभे दिसतील. मुलांनाही सोबत न्या, आणि बाण त्यांनाच शोधू द्या.