प्रत्येक ओळीला विचारणारा डीबगर

पायथॉनमध्ये दहा लाख फेऱ्यांचं साधं लूप लिहा. नुसतं चालवलं तर क्षणात संपतं. जुन्या पद्धतीच्या डीबगरखाली चालवा, तेच रेंगाळतं. ब्रेकपॉइंट लूपच्या कितीही खाली असो, लूपमध्ये थांबण्यासारखं काहीही नसो, तरी रेंगाळतं! हा वेळ जातो कुठे?

पायथॉनमध्ये 'सिस.सेटट्रेस' नावाची सोय आहे. डीबगर आपलं एक फंक्शन इंटरप्रिटरच्या हवाली करतो आणि इंटरप्रिटर प्रत्येक ओळीआधी ते बोलावतो. फाइल कोणती, ओळ कितवी, इथे थांबायचं का? उत्तर जवळजवळ दरवेळी 'नाही'. मलकापूरहून बुलढाण्याला निघालेल्या एसटीला फक्त मोताळ्याला थांबायचंय, पण ड्रायव्हर दर फर्लांगाला गाडी उभी करून 'मोताळा आलं का?' विचारतोय, तसं हे.

त्यात प्रश्न विचारणारं फंक्शनही पायथॉनमध्येच लिहिलेलं. पायथॉनमध्ये ५ हा एवढासा आकडासुद्धा ६४-बिट यंत्रावर २८ बाइटांची वस्तू असते. सी भाषेतल्या साध्या पूर्णांकाला सहसा ४ बाइट पुरतात. असा बोजा प्रत्येक प्रश्नासोबत वाहावा लागतो. म्हणून पायचार्म आणि व्हीएस कोड या दोन्हींच्या पोटात असलेल्या 'पायडेव्हडी' डीबगरने हा सतत चालणारा भाग सायथॉनमध्ये नेला. सायथॉन म्हणजे पायथॉनसारखंच दिसणारं लिखाण, पण त्यातून सी कोड तयार होतो आणि कंपायलर त्याचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करतो. प्रश्न तेच राहिले, तेवढ्याच वेळा विचारले गेले. फक्त प्रत्येक प्रश्न स्वस्त झाला.

पण मुळात विचारायचंच कशाला? सी प्रोग्राम तपासणारा जीडीबी हा डीबगर न विचारता थांबायची युक्ती कधीपासून जाणतो. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर तो थांबायच्या जागचा एक बाइट बाजूला काढून ठेवतो आणि तिथे २०४ हा आकडा लिहितो. प्रोग्राम पूर्ण वेगाने धावत येतो, २०४ वर पोचतो आणि प्रोसेसर स्वतःच त्याला थांबवतो. एक बाइट! वाटेत एकही प्रश्न नाही.

हीच युक्ती पायथॉनने आपल्या बाइटकोडमध्ये, म्हणजे इंटरप्रिटर चालवतो त्या आदेशांमध्ये, आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीत मार्क शॅनन यांच्या प्रस्तावातून 'सिस.मॉनिटरिंग' आलं. एखाद्या ओळीवर काम नसेल तर डीबगर 'इथे पुन्हा बोलावू नका' एवढं एकदा कळवतो. पुढच्या फेऱ्यांत ती ओळ जवळजवळ मूळ वेगाने चालते. माझ्या मते भाषा बदलण्यापेक्षा ही झेप मोठी आहे.

३.१२ वर 'सिस.मॉनिटरिंग' वापरणारा अद्ययावत डीबगर घ्या आणि तेच लूप ३.११ व ३.१२ वर चालवून बघा. फरक तुम्हाला स्वतःलाच दिसेल.