पालाशची दारं

वैशाखात वरणगाव शिवारात भर दुपारी ऊस पानं गुंडाळतो. बांधावर आम्हांस विचारतात, "साहेब, पालाश दिसत नाही, मग तो करतो काय?"

पानाच्या प्रत्येक रंध्राशी दोन रक्षक पेशी असतात. त्यांच्या पडद्यात पालाशसाठी खास दारं आहेत. १९८४ साली जर्मनीत बाकल्याच्या पेशीत अशा एकेका दारातला विद्युतप्रवाह मोजला गेला. पालाश आत शिरला की मागोमाग पाणी येतं, पेशी फुगते, रंध्र उघडतं. बाहेर पडला की रंध्र मिटतं अन् ओल वाचते.

पालाशच नसेल तर दारं काय कामाची? म्हणून नुसत्या युरियावर थांबू नका. माती तपासून सुरू उसाला हेक्टरी ११५ किलो पालाश द्या : निम्मा लागणीला, निम्मा मोठ्या बांधणीला.